स्ट्रायकर विंगवर काहून जाते?

मी चांदूर रेल्वेचा. आमच्याकडं फुटबॉल निघाला की ज्याला त्याला पुढंच खेळायचं असते, आणि हॉस्टेलच्या टीममध्येही तेच! पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये ती जागा टिकवणं किती अवघड, हे कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची सुरुवातीची वर्षं पाहिली की कळते.

अनिकेतचा जन्म २००० चा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो खेळला. त्याच नोव्हेंबरात आय-लीगमध्ये इंडियन ॲरोजच्या पहिल्या सामन्यात त्यानं चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल मारले! ॲरोज ही फुटबॉल महासंघाची कुमारांची टीम होती. तिथं परदेशी खेळाडू नव्हते, त्यामुळं पुढची जागा आपल्याच पोरांची.

आयएसएलचं गणित वेगळं. २०२१-२२ मध्ये मैदानावर एका संघाचे चार परदेशी चालत, आणि बहुतेक कोच त्यातला एक गोलसमोर लावत. हैदराबादकडं ओगबेचे होता, त्या हंगामात त्याचे १८ गोल! मग अनिकेतसारखा वेगवान पोरगा विंगवर जाणारच. हैदराबाद विजेता ठरला, पण स्ट्रायकरचा सराव सामन्यातच होतो ना!

याची किंमत देश मोजतो. २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला २०२५ मध्ये, चाळिशीत, भारतासाठी परत यावं लागलं.

तेव्हा सीनियर मंडळी, पुढच्या मॅचला एखाद्या ज्युनियरला पुढं खेळवा. बेंचवर बसून गोल मारणं कोणालाच शिकता येत नाही!