यंत्रांची समान बोली

कारखान्यातील भट्टीचे तापमान, टाकीतील द्रवाची पातळी, मोटरचा वेग यांची नोंद संवेदक क्षणोक्षणी घेत असतात. त्यानुसार झडप उघडण्याचे वा मोटर थांबवण्याचे काम ‘पीएलसी’ हा नियंत्रक करतो. ‘स्काडा’ सॉफ्टवेअर ही माहिती नियंत्रण कक्षातील पडद्यावर दाखवते, तर ‘हिस्टोरियन’ या नावाने ओळखले जाणारे सॉफ्टवेअर तिचा कालक्रमानुसार साठा करते.

मात्र प्रत्येक उत्पादकाच्या नियंत्रकाची भाषा निराळी असे. त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअरला प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र ‘ड्रायव्हर’ लागे. १० सॉफ्टवेअर आणि १० प्रकारची यंत्रे असतील, तर ड्रायव्हर १००! साहजिकच, उद्योजक एकाच कंपनीशी बांधला जाई.

यावर तोडगा म्हणून १९९६ मध्ये ‘ओपीसी’ हे समान मानक आले. प्रत्येकाने ही एकच भाषा शिकली, की १०० ऐवजी २० जोडण्यांत काम भागते. परंतु हे मानक मायक्रोसॉफ्टच्या ‘डीकॉम’ तंत्रावर आधारलेले असल्याने विंडोजपुरते मर्यादित राहिले. शिवाय फायरवॉलमधून ते नेणेही जिकिरीचे होते. २००८ मध्ये आलेल्या ‘ओपीसी यूए’ने ही दोन्ही बंधने दूर केली. संदेश सांकेतिक स्वरूपात पाठवण्याची आणि प्रमाणपत्राद्वारे ओळख पटवण्याची सोय त्यातच अंतर्भूत आहे.

धोका आहे तो येथेच. ही सोय बंद ठेवूनही यंत्रणा बिनतक्रार चालते आणि घाईच्या जोडणीत ती बंदच राहून जाऊ शकते. तसे झाल्यास समान भाषेचा लाभ घुसखोरालाही मिळतो. यंत्रे बोलकी करताना त्यांचे बोलणे कोण ऐकते आहे, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.