गोळी भरकटते कुठे?

अमेरिकेत किंवा जर्मनीत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, की शिकारी आधी कागदी लक्ष्यावर रायफल तपासतात. कालपर्यंत १०० मीटरवर ३ सेंटिमीटरच्या वर्तुळात बसणाऱ्या गोळ्या आज १० सेंटिमीटर पसरल्या, तर दोष शोधायचा कुठे?

सुरुवात स्क्रूंपासून करावी. प्रत्येक बाराला रायफलीला जबर धक्का बसतो. दुर्बिणीच्या पकडीचा किंवा दस्त्याचा एखादा स्क्रू सैल असेल, तर जोडणी दरवेळी किंचित सरकते.

मग नळी. बार उडताना पोलादी नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते. ही थरथर दरवेळी सारखी असेल, तर गोळ्या एकाच जागी जातात. पण लाकडी दस्ता दमट हवेत फुगून नळीला टेकला, की ती लय बिघडते. नळी दस्त्यापासून मोकळी ठेवलेल्या रायफलीत नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती अडली, तर दोष तिथेच असू शकतो.

गोळ्यांची नक्षीही बोलते. पहिल्या दोन नेमक्या आणि पुढच्या एकाच दिशेला सरकत गेल्या, तर नळी तापते आहे. ती निवू द्यावी. सगळ्याच विस्कळीत असतील, तर दुर्बीण बदलून पाहावी, नळीत साचलेला तांब्याचा थर काढावा, नळीच्या तोंडाची कड तपासावी.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काडतुसे तीच ठेवावीत. नाहीतर खरे कारण हाती लागत नाही. ही चिकाटी महत्त्वाची, कारण रानात भरकटलेल्या गोळीची किंमत जखमी जनावर मोजते.