काडतुसांचा खुळखुळाट : एक शब्द, एक यंत्र व एक गैरसमज

बोलीच्या पाहणीनिमित्त करंजा येथे गेलो असता तेथील एका परवानाधारक गृहस्थांनी प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. त्यांनी नुकतेच एक लहान रिव्हॉल्व्हर घेतले होते. ते भरून हाती घेतले व किंचित हलले की आत काडतुसे खुळखुळत. दारूगोळा असा सैल असणे रीतीचे आहे, की शस्त्रातच काही खोट आहे, अशी त्यांना शंका होती. काडतुसांभोवती कागदाची पातळ पट्टी गुंडाळून ती घट्ट बसवावीत, असाही त्यांचा विचार चालला होता. प्रश्न यंत्राचा, आणि विचारला तो भाषेच्या अभ्यासकाला. तथापि विचार करता असे दिसून आले की, या शंकेचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या शब्दांतच आहे. ते कसे, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम उत्तर सांगून टाकावे हे बरे. रिव्हॉल्व्हरमधील काडतुसे थोडी सैल असणे व त्यांचा बारीक आवाज होणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. ती बुद्ध्या कागद घालून घट्ट करणे मात्र अपायकारक आहे. परंतु सर्वच सैलपणा निर्दोष नसतो, आणि येथेच विवेक करावा लागतो.

शस्त्रांविषयीची आपली शब्दसंपत्ती निरनिराळ्या वाटांनी आली. ‘तोफ’ तुर्की, ‘बंदूक’ अरबी. ‘दारू’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध, जो ‘दवादारू’ या जोडशब्दात अद्यापि टिकून आहे. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे शब्द मात्र समुद्रमार्गे, पोर्तुगिजांबरोबर आले असे सामान्यतः मानले जाते. करंजा हे या दृष्टीने अगदी समर्पक स्थळ होय. उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचा महाल होता, आणि करंजाचे बेट सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पोर्तुगिजांकडे होते. पुढे ते मराठ्यांकडे आले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायम झाले. आज त्याच परिसरात नौदलाचे शस्त्रभांडार आहे. शस्त्रे बदलत गेली. शब्द मात्र बरेचसे जुनेच राहिले.

या जुन्या शब्दांत सर्वांत बलवान शब्द ‘ठासणे’ हा होय. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतावयाची, वर गोळी घालावयाची आणि गजाने ती दारूवर पक्की बसवावयाची. गोळी सैल राहिली तर नळी खाली झुकताच ती पुढे घरंगळे. दारू व गोळी यांत पोकळी राहून बार उडाला, तर नळी फुगण्याचा वा फुटण्याचा धोका असे. म्हणजे या शस्त्रात सैलपणा हे संकटच होते. ‘ठासून भरणे’, ‘ठासून सांगणे’ या प्रयोगांत घट्टपणा म्हणजेच खात्री, हा अर्थ तेथूनच दृढ झाला असावा. आरंभीची रिव्हॉल्व्हरेही याला अपवाद नव्हती. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत ज्याचे पेटंट घेतले, त्या प्रकारात प्रत्येक घरात सुटी दारू व गोळी भरून ती दाबून बसवावी लागे. गोळी सैल राहिल्यास शेजारच्या बाराच्या धक्क्याने ती पुढे सरकून फिरते चक्र अडकण्याचा संभव असे.

‘काडतूस’ या शब्दाचा इतिहास तर याहून उद्बोधक आहे. १८५७ च्या उठावाचे निमित्त ठरलेले काडतूस हे कागदाचे होते. ती एका बारापुरती दारू व गोळी यांची चरबी लावलेली पुडी होती. ती दाताने फोडावयाची, दारू नळीत ओतावयाची आणि मग ठासावयाचे. योगायोग असा की, त्याच १८५७ साली स्मिथ आणि वेसन या अमेरिकन कारखान्याने धातूच्या अखंड काडतुसाचे, मागून भरावयाचे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. गोळी, दारू व पेट घेणारे रसायन ही सारी आता एकाच धातूच्या पुंगळीत आली. पुडी गेली, पुंगळी आली. नाव मात्र ‘काडतूस’ हेच राहिले. शब्द कायम राहून वस्तू बदलली की जुन्या वस्तूविषयीची अपेक्षा नव्या वस्तूस चिकटते. आमच्या गृहस्थांची शंका ही अशीच चिकटलेली अपेक्षा होती.

नव्या वस्तूत घट्टपणाचे काम कोठे गेले, ते पाहू. गोळी आता पुंगळीच्या तोंडात घट्ट आवळलेली असते. जुने ठासणे कारखान्यातच उरकलेले असते. पुंगळी ज्या घरात शिरते ते घर तिच्याहून मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी रुंद ठेवतात. पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली कड घराच्या काठावर टेकते, त्यामुळे ती आत घसरत नाही. आणि या कडेच्या मागेही थोडी फट राखलेली असते, नाहीतर चक्र फिरतेवेळी घासून अडकले असते. बार उडताच आतील वायूच्या दाबाने पितळ फुगते, घराच्या भिंतीस घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ते किंचित आकसते, म्हणून रिकामी पुंगळी सहज बाहेर निघते. सारांश, घट्टपणा हवा तो एका क्षणापुरता, आणि तो स्फोट स्वतःच निर्माण करतो. कागदाची पट्टी घातली तर काडतूस पुरते बसणार नाही, चक्र अडेल आणि पुंगळी निघणे कठीण होईल.

आवाज रिव्हॉल्व्हरमध्येच अधिक का येतो? पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग काडतुसांना सतत दाबून धरते. रिव्हॉल्व्हरच्या घरांत असे दाबणारे काही नसते. शिवाय लहान, हलक्या शस्त्रात बारीक आवाजही स्पष्ट ऐकू येतो. कानपूर येथे बनणारे व २०१४ मध्ये विक्रीस आलेले ‘निर्भीक’ हे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमच वजनाचे आहे. याखेरीज पुंगळी दारूने काठोकाठ भरलेली नसते. सुटे काडतूस कानाशी हलविल्यास आतील दारूची सळसळही ऐकू येते, आणि तीही स्वाभाविकच होय.

येथे मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द उपयोगी पडतात. पोकळीत लहान, कठीण वस्तू सुटी असली की ती ‘खुळखुळते’. मुलाचा खुळखुळा याच जातीचा. गोटा झालेला नारळ हलविला की खुळखुळतो, आणि किनाऱ्यावरील माणूस त्यास दोष न मानता तो वाळल्याची खूण मानतो. परंतु सांधा झिजून वस्तू आपल्या जागी ठरत नाही तेव्हा ती ‘खिळखिळी’ होते, आणि पाया नीट न टेकणारी वस्तू ‘डुगडुगते’. पहिल्या शब्दात केवळ मोकळीक आहे. इतर दोहोंत बिघाड आहे. काडतुसे खुळखुळावीत, शस्त्र खिळखिळे असू नये.

खिळखिळेपणाची लक्षणे अशी : घोडा ओढलेला असताना चक्र जागच्या जागी बरेच हलणे; चक्र मागेपुढे डोळ्यांस दिसण्याइतके सरकणे; पूर्वी नसलेला आवाज नव्याने येऊ लागणे; बार वारंवार चुकणे; उडालेल्या पुंगळ्या फुगलेल्या वा चिरलेल्या निघणे. काडतुसातील गोळी बोटाने फिरत वा हलत असेल, तर ते काडतूस वापरूच नये.

आणखी एक सापळा शब्दाचाच आहे. ‘पॉइंट ३२’ या एकाच नावाने आपल्याकडे दोन भिन्न काडतुसे ओळखली जातात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस ७.६५ × २३ मिलिमीटरचे, रुंद कडेचे, पिस्तुलाचे ७.६५ × १७ मिलिमीटरचे, आखूड व जेमतेम कडेचे. दुसरे काडतूस पहिल्याच्या घरात शिरू शकते, परंतु तेथे नीट ठरत नाही, आणि त्याचा दाबही अधिक असतो. असा सैलपणा मात्र निर्दोष नव्हे. म्हणून नावावर न जाता डबीवरील मापे वाचावीत.

परीक्षा करावयाची ती शस्त्र पूर्ण रिकामे करून, प्रत्येक घर डोळ्यांनी पाहून, नळी निर्धोक दिशेस ठेवूनच. भरलेले रिव्हॉल्व्हर कानाशी धरून हलविणे ही परीक्षा नव्हे, तो अविचार होय. शंका उरल्यास शस्त्र परवानाधारक कारागिराकडे न्यावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दुरुस्तीचा व्यवसाय करता येत नाही.

करंजाच्या गृहस्थांनी कागदाचा बेत सोडला आणि चक्र कारागिराकडून तपासून घेतले; ते निर्दोष ठरले. भाषेच्या अभ्यासकास यातून मिळणारा बोध इतकाच की, शब्द जुन्या वस्तूचा अनुभव जपून ठेवतो आणि नव्या वस्तूपुढे उभा राहिला की तोच अनुभव इशारा म्हणून पुढे करतो. तो इशारा ऐकावा. परंतु आजच्या वस्तूस लागू पडतो की नाही, हे वस्तूच पाहून ठरवावे.