दहिवलीत बसून मुंबईचे काम

कर्जत ते सीएसएमटी हे अंतर 100 किलोमीटर. लोकलने दोन तासांच्या आसपास जायचे, तेवढेच यायचे. कर्जतच्या दहिवलीत राहणाऱ्याला त्याआधी उल्हास नदीचा पूल ओलांडून स्टेशन गाठावे लागते. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि सर्वसामान्यांना पुन्हा गाडीत पाय ठेवायला, तोही ठरावीक वेळेतच, 1 फेब्रुवारी 2021 उजाडावा लागला. संगणकावरचे बरेचसे काम घरून होते, हे तोवर कंपन्यांना पटले होते. घरच्यांना मात्र वेगळाच अनुभव आला. वन बीएचकेच्या हॉलमध्ये मुलांची ऑनलाइन शाळा, कुकरच्या शिट्ट्या आणि क्लायंटचा कॉल एकाच वेळी चालत नाहीत.

मग घराजवळच, चार कंपन्यांच्या लोकांनी मिळून वापरायचे ऑफिस का नसावे?

कल्पना नवी नाही. ब्रॅड न्यूबर्ग या तरुण प्रोग्रॅमरने ऑगस्ट 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असे पहिले को-वर्किंग ऑफिस सुरू केले, तेव्हा महिनाभर तिथे कुणी फिरकलेच नाही. आज बीकेसी, बाणेर, खराडीत अशी ऑफिसे जागोजाग आहेत. पण महाराष्ट्राने याचे एक साधे रूप आधीपासून पाहिले आहे, ते म्हणजे अभ्यासिका. पुण्यात सदाशिव पेठेत, शास्त्री रोडला एमपीएससी करणारी मुले महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेतात. ठरलेली जागा, डोक्यावर दिवा, पुस्तकांना लॉकर, रात्री उशिरापर्यंत उघडे दार आणि बोलायचे असेल तर बाहेर, हा कडक नियम. भपका नाही, पण बसणाऱ्याची गरज नेमकी ओळखलेली.

ती गरज न ओळखल्यास काय होते, हे शायट-डे या जाहिरात कंपनीने अनुभवले. 1994 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या ऑफिसात त्यांनी सगळ्यांची टेबले काढून टाकली. सकाळी काउंटरवरून फोन आणि लॅपटॉप घ्यायचा, मिळेल तिथे बसायचे. लॉकर इतके छोटे की लोक कागदपत्रे गाडीच्या डिकीत ठेवू लागले. काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. तेव्हा लवचिक ऑफिस म्हणजे कुणालाच हक्काची जागा नाही, असा अर्थ घेऊ नये. रोज येणाऱ्याला ठरलेली खुर्ची आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला मोकळी, असे दोन्ही हवे.

भिंती पाडल्या की माणसे आपोआप बोलू लागतात, हा समजही तपासायला हवा. हार्वर्डच्या एथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी 2018 मध्ये दोन मोठ्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खुल्या ऑफिसात गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटले, ईमेल वाढले. कारण उघड आहे: सगळ्यांच्या नजरेत असलेला माणूस कानात हेडफोन घालून बसतो. म्हणून शांत खोली, बोलायची खोली आणि दार लागणारी फोनची छोटी केबिन वेगवेगळी असावी. त्या केबिनला पंखा किंवा हवेची वाट हवीच. कोकणच्या दमटपणात बंद पेटीत दहा मिनिटेही बसवत नाही.

टेबलाचेच पाहा. बाजारातले ऑफिसचे टेबल साधारण 75 सेंटिमीटर उंच असते. पाच फूट उंचीची बाई त्यापुढे बसली की कोपर टेबलाला लागावे म्हणून खुर्ची वर घेते आणि तिचे पाय लोंबकळतात. संध्याकाळी कंबर आणि पोटऱ्या धरतात. पन्नास टेबलांना पन्नास पाय-पाट्या द्यायला फार खर्च येत नाही, तरी त्या क्वचितच दिसतात.

दहिवलीसाठी आराखडा करणाऱ्याने पावसाचा विचार आधी करावा. वर पत्रा असेल तर जुलैतल्या सरीत समोरच्याचा शब्द ऐकू येत नाही. स्लॅब, नाहीतर पत्र्याखाली जाड छत हवे. वीज गेली तरी इंटरनेट चालू राहील एवढा इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन हव्यात. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, याच मार्गावर. अशा दिवशी घराजवळचे ऑफिस किती उपयोगी पडेल, हे रोजच्या प्रवाशांना सांगायला नको.

एक पेच कायद्यातही आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. सामायिक ऑफिसात बसणारे साठजण असतील, पण ते वीस कंपन्यांचे तीन-तीन. अशा वेळी पाळणाघराची जबाबदारी प्रत्येकाला दुसऱ्याची वाटू शकते. ही जबाबदारी जागा चालवणाऱ्यानेच उचलावी आणि भाड्यात धरावी. लहान मूल असलेल्या आईसाठी तीच खोली सगळ्यात महत्त्वाची.

भाड्याची रचनाही माणसाच्या दिवसाप्रमाणे हवी: महिन्याचे, दिवसाचे, अर्ध्या दिवसाचे. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांसाठी रात्री उशिरापर्यंत दार उघडे ठेवायचे, तर फाटकाशी उजेड, पहारेकरी आणि घरापर्यंत सोडणाऱ्या ठरलेल्या रिक्षा हे सगळे पहिल्याच खर्चात धरावे लागेल.