तीन मोडक्या, एक धड

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे ही आपल्या घराघरांतील रीत. धड तुकडा निवडायचा, विरलेला बाजूला टाकायचा आणि उरलेल्यातून टिकाऊ ऊब उभी करायची. हेच काम लोखंडात करणारे कारागीर आपल्या देशात आहेत. दोन-तीन निकामी जीपगाड्यांतून चारही चाकांना जोर असलेली एक भरवशाची जीप ते तयार करतात. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर याच कामासाठी दूरवर ओळखले जाऊ लागले. ज्या वाचकांच्या शेतावर वा वाड्यामागे एखादी जीप गंजत उभी असेल, त्यांनाही हा उद्योग मोह घालील. म्हणून त्यातील मर्म समजून घेणे हिताचे.

मुळात हे शक्य का होते, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकन सैन्याला जीपगाड्या तातडीने हव्या होत्या. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी त्या एकाच आराखड्यावरून 1941 ते 1945 या काळात बनविल्या. त्यांची संख्या सहा लाखांहून अधिक होती. एकीचा भाग दुसरीत बसावा, ही त्यामागची दृष्टी. पुढे विलीजने नागरी जीप आणली: 1945 मध्ये सी.जे.-2ए, 1949 मध्ये सी.जे.-3ए आणि 1953 मध्ये सी.जे.-3बी. ही शेवटची जात महिंद्र कंपनीने परवान्यान्वये भारतात अनेक वर्षे बनविली. या साऱ्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर एकच, सुमारे 80 इंच. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की सगळ्या सख्ख्या बहिणीच. कोणाचेही काहीही कोणालाही चालेल.

फसगत होते ती येथेच. युद्धकाळच्या जीपच्या धुऱ्यात क्राउनला 39 दाते आणि पिनियनला 8. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे 4.88 फेरे. नागरी सी.जे.-2ए मध्ये मात्र 43 आणि 8, म्हणजे 5.38 फेरे. एकीचा पुढचा धुरा आणि दुसरीचा मागचा असा संसार थाटला, तर नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर गाडी निर्वेध धावेल. चारही चाकांना जोर देताच मात्र भांडण सुरू होईल. मागच्या चाकांचे 10 फेरे होतात, तोच पुढच्यांना 11 घ्यायचे असतात. चिखलात चाके घसरून ही तफावत झाकली जाते. कोरड्या, कठीण जमिनीवर टायर झिजतात, गिअर अडकतो आणि शेवटी एखादा दाता वा शाफ्ट तुटतो. तोही बहुधा अवघड चढणीवर!

याची परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवरील चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रल आणि हातब्रेक सैल ठेवावा. एका धुऱ्याचे एकच चाक जॅकवर उचलून दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि शाफ्टचे फेरे मोजावे. दुसऱ्या धुऱ्याचीही अशीच मोजणी करावी. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

इंजिनाचीही हीच कथा. सी.जे.-3बी चे इंजिन आणि त्यापूर्वीचे इंजिन, दोन्ही 134 घन इंचांची. परंतु नव्याची हवा आत घेणारी झडप वरच्या बाजूस असल्याने ते उंच आहे. त्यासाठीच 3बी चे बॉनेट उंच केले गेले. ते इंजिन युद्धकाळच्या अंगात घातले, तर बॉनेट मिटत नाही. विजेचेही तसेच: युद्धातील जीप 6 व्होल्टची, नंतरच्या कित्येक 12 व्होल्टच्या. बॅटरी एका घराण्याची आणि दिवे दुसऱ्याचे, असे चालत नाही.

म्हणून जाणता मिस्त्री आरंभ इंजिनापासून नव्हे, चासीपासून करतो. दोरीने दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे नसतील तर ती चासी वाकलेली. स्प्रिंगांच्या आधाराजवळ भेगा शोधतो. मग दोन्ही धुरे शक्यतो एकाच गाडीचे घेतो, आणि त्यांना साजेसे बाकीचे जुळवतो. ब्रेकच्या नळ्या आणि रबरे मात्र नवीच घालतो. तेथे काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटची जुळणी कागदांची. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील आणि उत्पादकाने ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. एकीचा चासी क्रमांक दुसरीवर ठोकणे हा तर गुन्हाच. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे ती दर 5 वर्षांनी नूतन करावी लागते. तेव्हा ज्या चासीची कागदपत्रे मालकाच्या नावे स्वच्छ आहेत, तीच पाया म्हणून धरावी आणि खर्चाला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

तात्पर्य, तीन गाड्यांतील उत्तमोत्तम भाग एकत्र केले म्हणजे उत्तम गाडी होत नाही. होते ते अठरा धान्यांचे कडबोळे. थोडा झिजलेला, पण जोडीदाराशी जुळणारा धुरा हा नव्या कोऱ्या, पण बेजोड धुऱ्यापेक्षा अधिक कामाचा असतो. निवडताना तुकड्याच्या झळाळीपेक्षा त्याचा मेळ पाहावा. मग पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी रुतली, तरी घरी परतण्याची चिंता उरत नाही.