दुखणे आणि रोग : स्तनकर्करोगाच्या तपासणीविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा आग्रह असे की शब्द वापरण्यापूर्वी तो नीट पारखून घ्यावा. जन्मभर भाषा शिकविलेल्या माझ्यासारखीने वैद्यकाकडे वळावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु या विषयाचे एक टोक भाषेतच अडकलेले आहे.

मराठीत 'दुखणे' या एकाच शब्दाला वेदना आणि आजार असे दोन्ही अर्थ आहेत. आजारी माणसाला आपण 'दुखणाईत' म्हणतो. त्यामुळे जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे, अशी समजूत नकळत रुजते. शिवाय ज्या अवयवाविषयी मी बोलणार आहे त्याचे नाव आपण सहसा उच्चारीत नाही. आई बाळाला 'अंगावर' पाजते. या शब्दातला संकोच लोभस आहे. पण गाठ सांगण्याची वेळ आली की तोच आड येतो. माझी एक बालमैत्रीण वर्षभर गप्प राहिली. "दुखत नव्हतं गं, मग काय सांगायचं?" असे ती मला म्हणाली. तोवर फार उशीर झाला होता.

भारतीय स्त्रियांत आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ या वर्षी देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. या रोगाची आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही. उलट, पाळीच्या सुमारास स्तनांत होणारी ठणक बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. म्हणजे वेदना ही येथे विश्वासू दूत नव्हे.

मग दुसरा दूत शोधावा, म्हणून वैद्यकाने उष्णतेकडे पाहिले. वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते; तेथे रक्त अधिक खेळते आणि वरची त्वचा किंचित उबदार होते. १९५६ मध्ये कॅनडातील डॉ. रे लॉसन यांनी ही गोष्ट नोंदविली. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा या उष्णतेचे रंगीत चित्र काढतो. त्यालाच थर्मोग्राफी म्हणतात. स्पर्श नाही, दाब नाही, क्ष-किरण नाहीत. संकोची समाजाला ही पद्धत आकर्षक वाटावी, यात नवल नाही.

परंतु धग म्हणजे गाठ नव्हे. खोलवरची किंवा सावकाश वाढणारी गाठ वर ऊब दाखवीतच नाही. आणि जंतुसंसर्ग, स्तनपान किंवा तापलेली खोली यांमुळे निरोगी त्वचाही उबदार दिसते. अमेरिकेत १९७३ पासून चाललेल्या मोठ्या तपासणी कार्यक्रमात थर्मोग्राफीला निम्म्याहून कमी कर्करोग सापडले, म्हणून ती लवकरच वगळण्यात आली. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये पुन्हा बजावले, की ही तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. २०१६ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या 'निरामई' या कंपनीने अशी चित्रे संगणकाकडून वाचून घेण्याचा प्रयत्न चालविला आहे. तो स्वागतार्ह आहे. पण थर्मोग्राफीमुळे मृत्यू घटतात, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून शिबिरातील चित्र 'स्वच्छ' आले, एवढ्यावर हाताला लागलेली गाठ विसरू नये.

मग आपल्यासारख्या जिल्ह्यात, जेथे गावोगावी मॅमोग्राफी शक्य नाही, तेथे काय करावे? याचे उत्तर मुंबईने दिले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये तेथील वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : रोग अलीकडच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र असा लाभ दिसला नाही. यंत्र नव्हे, शिकविलेला हात उपयोगी पडला. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेतही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा अशीच तपासणी सांगितली आहे.

आता वेदनेच्या उपचारांविषयी. कापसाच्या वेचणीने खांदा धरला की शेकणे, चोळणे चालते. त्याला माझा विरोध नाही. गाठीवर मात्र बिबा घालणे, डाग देणे किंवा लेप बांधणे घातक आहे. त्याने कातडी भाजते, आणि अमूल्य महिने वाया जातात. निदान झाल्यावर, मुख्य उपचारांच्या जोडीला, पूरक उपायांना अवश्य स्थान आहे. संप्रेरके रोखणाऱ्या गोळ्यांनी सांधे दुखतात. त्यावर ॲक्युपंक्चरने काहीसा आराम पडतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२६ स्त्रियांच्या अमेरिकन अभ्यासात दिसले. तीव्र वेदनेवर मात्र मॉर्फिनला तोड नाही. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते मिळण्यातील अडचणी कमी करण्याचा प्रयत्न झाला. वेदना शमविणे हा उपचार आहे. रोग बरा करणे हा दुसरा. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवू नये.

पैनगंगेच्या या काठी आपण मराठी घरात बोलतो, आणि दवाखान्यात तेलुगूचा आधार घेतो. संकोचात ही आणखी एक भर पडते. म्हणून माझी विनंती आहे, की लेकीसुनांना एक साधे वाक्य दोन्ही भाषांत शिकवा : "माझ्या स्तनात गाठ आहे, दुखत नाही, तरी तपासा." गावातील आशाताईला ते सांगावे, नंतर आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखवावे, गरज पडल्यास हैदराबादचे मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय आहे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण हे ठरविण्याचा अधिकार तपासणीचा आहे, आपल्या मौनाचा नाही.

माझ्या मैत्रिणीला ते वाक्य कोणी शिकविले नव्हते. मीही शिकविले नव्हते, आणि मी तर भाषेची प्राध्यापिका होते.