खोल समुद्रातील दीपधारी अँगलरफिश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्राच्या अंधाऱ्या थरांत राहणाऱ्या प्राण्यांपैकी ज्याचे चित्र बालवाचकांच्या पुस्तकांपासून थेट २००३ सालच्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटापर्यंत सर्वत्र पोहोचले, परंतु ज्याची खरी हकीकत मात्र फारच थोड्यांच्या कानी गेली, असा मासा म्हणजे कुबडा अँगलरफिश होय. प्राणिशास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद ‘मेलॅनोसीटस जॉन्सोनाय’ या नावाने असून, मदेरा बेटाजवळ सापडलेल्या एका मादीवरून आल्बर्ट गुंथर यांनी १८६४ साली ती केली. अटलांटिक, प्रशांत आणि हिंदी या तिन्ही महासागरांत त्याची वस्ती आहे.

हा मासा अजस्र, माणसालाही भारी पडेल असा असावा, हा त्याच्याविषयीचा सर्वांत रूढ समज. वस्तुतः पूर्ण वाढ झालेली मादी सुमारे १८ सेंटिमीटरांपलीकडे जात नाही, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत ती मावेल. आणि नर तर जेमतेम ३ सेंटिमीटरांचा. २०२५ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस कॅनरी द्वीपसमूहातील टेनेरिफ बेटाजवळ अशी एक मादी भरदिवसा पाण्याच्या पृष्ठभागालगत पोहताना दिसली, तिची चित्रफीत जगभर पाहिली गेली, आणि हा एवढासा मासा आहे हे कळल्यावर असंख्य लोक थक्क झाले. ती मादी मुळातच अशक्त होती. काही तासांतच ती मरण पावली व तिचे शव तेथील संग्रहालयाकडे सुपूर्द करण्यात आले. या भ्रमाचे मूळ छायाचित्रांत आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शेजारी मोजपट्टी नसली म्हणजे देहाच्या मानाने विशाल असा तो जबडा आणि आतल्या बाजूस दुमडणारे ते लांब, सुईसारखे दात पाहणाऱ्याची नजर बांधून ठेवतात. त्या जबड्याचे सामर्थ्य मात्र खोटे नव्हे : गुंथर यांच्यापुढे आलेल्या त्या पहिल्याच मादीच्या ताणलेल्या पोटात तिच्याहून लांब मासा वेटोळे होऊन पडलेला होता. जिथे भक्ष्याची गाठ क्वचितच पडते, तिथे आलेला घास मोठा म्हणून सोडून चालत नाही.

दुसरा समज असा की, डोक्यावरचा तो दिवा माशाचा स्वतःचा आहे. पाठीवरील पराचा पहिला काटा पुढे सरकून त्याची जणू काठी झाली असून तिच्या टोकाशी एक गोंडा असतो. त्या गोंड्याच्या पोकळीत प्रकाश देणारे जीवाणू दाटीने राहतात आणि तो निळसर-हिरवा, उष्णतारहित प्रकाश त्यांच्या देहातील रासायनिक क्रियेतून, प्राणवायूच्या साहाय्याने, निर्माण होतो. मासा त्यांना निवारा व पोषण देतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या जीवाणूंचा जनुकसंच त्यांच्या स्वतंत्र राहणाऱ्या आप्तांच्या मानाने जवळजवळ निम्मा उरल्याचे आढळले. इतके परावलंबन आलेले जीवाणू आईकडून पिलांकडे वारशाने जात असतील असे कोणासही वाटेल, परंतु पुढील वर्षीच्या अभ्यासातून मासे ते जीवाणू भोवतालच्या समुद्रातूनच मिळवतात असे दिसून आले. मला या माशाच्या सर्व वृत्तांतात हेच प्रकरण सर्वाधिक विस्मयकारक वाटते. हा दिवा केवळ मादीलाच असतो, नराला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

नराविषयीचा गैरसमज तर अर्धवट ज्ञानातून उपजला आहे. १९२२ साली आइसलँडचे ब्यार्नी सेमुंडसन यांना एका मोठ्या अँगलर मादीच्या अंगाला दोन चिमुकले मासे चिकटलेले आढळले व ती तिची पिले असावीत असे त्यांनी मानले. ते नर होत, हा उलगडा चार्ल्स टेट रीगन यांनी १९२५ साली केला. नर मादीच्या देहाशी एकजीव होऊन तिच्याच रक्तावर जगतो, ही कथा तेव्हापासून सर्व अँगलर माशांच्या माथी मारली गेली. सेमुंडसन यांची मादी मात्र वेगळ्या कुळातील, ‘सेराशियस’ या प्रजातीची होती. आपल्या कुबड्या अँगलरचा नर मादीला चिकटतो तो तात्पुरता, प्रजननापुरता. तिच्या देहात विलीन होणे त्याच्या नशिबी नाही.

खोल पाण्यातून वर आणताच हा मासा दाब सुटून फुटतो, असेही सांगितले जाते. एक हजार मीटर खोलीवर दाब वातावरणाच्या सुमारे शंभरपट असतो खरा. परंतु फुगतो तो वायू, आणि या माशाच्या देहात वायूने भरलेला वाताशयच नसतो.

जिवंत अवस्थेत, स्वतःच्या मुलखात, याच्या कुळातील मासा पाहायला मिळणे अत्यंत दुर्मीळ. २०१४ साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात सुमारे ५८० मीटर खोलीवर यंत्रपाणबुडीने टिपलेली चित्रफीत म्हणूनच मोलाची ठरली. तेव्हा आपल्या पाठ्यपुस्तकांचे व बालमासिकांचे संपादक, चित्रकार आणि शिक्षक यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, या माशाचे चित्र छापताना अथवा दाखवताना त्याखाली दोन गोष्टी अवश्य लिहाव्यात : ही मादी आहे, आणि तिची लांबी इतके सेंटिमीटर आहे.